जॉइंटरची गाठ

आमच्या दापोलीच्या टेलिफोन ऑफिसात वार बघायला कुणी कॅलेंडरकडे मान वर करत नसे. जॉइंटर दारातून आत आले की वार कळायचा. सोमवारी निळा शर्ट, मंगळवारी नारिंगी, बुधवारी हिरवा, गुरुवारी चॉकलेटी, शुक्रवारी राखी, आणि कधी शनिवारी यावं लागलं तर पांढरा. एकदा नव्याने बदलून आलेल्या साहेबांनी गुरुवारी शुक्रवारची तारीख टाकून पत्र काढलं, तर आमचा शिपाई म्हणाला, "साहेब, जॉइंटर अजून चॉकलेटी आहेत." साहेबांना काही उमगलं नाही. आम्ही मात्र पत्र परत टाईप केलं.

जॉइंटर हे त्यांचं नाव नव्हे, काम. जमिनीखालची टेलिफोनची केबल तुटली की खड्ड्यात उतरायचं आणि तिच्यातली एकेक तार पलीकडच्या तिच्याच तारेला जोडायची. शंभर जोड्यांची केबल म्हणजे दोनशे तारा. त्यातली एक जरी भलतीकडे गेली तरी एकाचा फोन दुसऱ्याच्या घरात वाजायचा, आणि मग शिव्या खायला तक्रारीच्या टेबलावर मी बसलेलीच. म्हणून तारांना रंग असतात आणि रंगांचा क्रम ठरलेला असतो. निळा, नारिंगी, हिरवा, चॉकलेटी, राखी. त्यांचे शर्ट कुठून आले ते कळलं ना? त्यांना कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "सवय मोडता नये." बस, तेवढंच.

माणूस बुरोंडीचा. वडील जाळी विणायचे, भाऊ होडीवर. हा एकटाच समुद्र सोडून जमिनीच्या पोटात शिरला. बुटका, काटक, बोटं मात्र त्या अंगाला न शोभणारी लांबसडक. घरात मोबाईल होता, तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून कपाटात ठेवलेला, का तर चार्जिंग संपू नये. बायको गेल्यावर एकटेच राहायचे. स्वतःच्या हाताचं कालवण कुणाच्याही कालवणापेक्षा चांगलं असतं असं त्यांचं ठाम मत होतं, आणि खोटं कशाला सांगू, ते खरंच होतं.

त्यांचा एक मंत्र होता. "आधी स्लीव्ह, मग जॉइंट." म्हणजे असं, की दोन तारा जोडण्याआधी त्यांच्यावर चढवायची नळी एका तारेत ओवून ठेवायची. आधी जोड केलात आणि नळी राहिली, तर ती मागाहून घालता येत नाही. सगळं परत तोडा. हे त्यांना जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींना लागू वाटे. एका साहेबांनी बायकामुलांना आधी आणलं आणि मग घर शोधायला निघाले, तर हे भर ऑफिसात म्हणाले, "साहेब, स्लीव्ह राहिली." मी लोकरीच्या स्वेटरचा गळा आधी शिवला आणि मग तो डोक्यातून जाईना, तेव्हाही तेच. मला इतका राग आला होता की आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही.

दुसऱ्याचा वाईट जोड बघवायचा नाही त्यांना. आमच्या ऑफिसातल्या एकीच्या मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि अचानक माईक बंद, पंखे बंद. मे महिना. मांडवात एकच बोंबाबोंब. आम्ही मागे जाऊन बघतो तर हे जनरेटरशेजारी मांडी घालून बसलेले. मांडववाल्याने वायरच्या जोडावर दुधाची पिशवी गुंडाळली होती म्हणे. "पोरीच्या लग्नात आग लागली असती तर?" असं विचारत त्यांनी तो जोड सोडवला, नीट पिळून, टेप मारून परत केला, आणि मग आमच्याआधी पंगतीला जाऊन बसले. भटजींनी उरलेली मंगलाष्टकं तोवर घसा ताणून म्हणून टाकली होती.

आणि गाठ. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. जोड पुरा झाला की ते खिशातून जाळ्याच्या दोऱ्याचा तुकडा काढत आणि जोडाच्या टोकाला एक बारकी गाठ मारत. वडिलांनी शिकवलेली, जाळ्याची. मी एकदा म्हटलं, "काका, ही कशाला? ही कोण बघणार जमिनीखाली?" तर म्हणाले, "उद्या हा जॉइंट चुकला तर कुणी केला ते कळूक हवा ना बाय? माणसाने चूक करावी, पण ती बेवारशी टाकू नये." बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांची गाठ असलेला जोड चुकीचा निघाला नाही. हे मी सांगते, मी, जी तक्रारींचं रजिस्टर लिहीत होते.

पुढे ऑफिसच आटलं. केबली जमिनीत राहिल्या आणि आम्ही एकेक करून घरी गेलो. मी आंजर्ल्याला आईपाशी राहिले. आईची किडनी तोवर थकली होती. मंगळवार आणि शुक्रवार दापोलीला डायलिसिस. त्यासाठीच मी सेकंडहँड गाडी घेतली आणि पंचावन्नाव्या वर्षी चालवायला शिकले. दोनदा कुंपणात घातली, एकदा म्हशीला चाटून गेली, पण शिकले. जाताना आई बडबडत असायची आणि येताना मागच्या सीटवर आडवी. गाडी होती म्हणून चाललं होतं.

आता माझी चूक कबूल करते. हर्णैहून वर्षाची सुकट आणली होती, चांगली पोतडी भरून. घरात वास नको म्हणून ती गाडीच्या शेडमध्ये खुंटीला टांगली, बरोब्बर बॉनेटच्या वर. तिला भोक होतं. चार दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, आईला बसवून मी किल्ली फिरवली आणि गाडी मेली. ठार. बॉनेट उघडलं तर आत सुकटीचा चुरा, लेंड्या, आणि वायरींचा एक जाडजूड जुडगा मध्येच कुरतडून टाकलेला. उंदरांनी आधी सुकट खाल्ली आणि मग माझी गाडी.

त्या दिवशी रिक्षा केली. येताना चढावरच्या खड्ड्यांत आईचं बीपी पडलं, डोळे पांढरे झाले. रिक्षावाला बिचारा गाडी थांबवून तिच्या तोंडावर पाणी मारत होता, आणि मी तिचं डोकं धरून नको नको ते नवस बोलत होते.

हायवेवरच्या डीलरच्या वर्कशॉपमधून एक माणूस दुपारी आला. मोबाईलवर चार फोटो काढले आणि म्हणाला, "मॅडम, पूर्ण वायरिंग बदलावं लागेल. पार्ट यायला तीन आठवडे." "अहो, हातभर तर तुटलंय, तेवढंच जोडा की." "कंपनीचं तसं नाही मॅडम." मग त्याने जो आकडा सांगितला त्यात माझ्या गाडीसारखी अर्धी गाडी आली असती. पण खरं सांगते, आकडा मी कसाही उभा केला असता. तीन आठवडे म्हणजे सहा डायलिसिस. ते कुठून आणणार होते?

संध्याकाळी दादाचा फोन आला, मुंबईहून. दादा वाईट नाही. पण त्याने फोनवरच सगळं ठरवून टाकलं. "मी सोमवारच्या गाडीने निघतो, मंगळवारी सकाळी तिथे. आईला इकडे आणतो. इथे खाली हॉस्पिटल आहे. तू एकटी किती दिवस ओढणार?" मी म्हटलं, "मंगळवारी गाडी चालू असली तर?" तो म्हणाला, "चालू असली तर प्रश्नच नाही. पण तीन आठवडे म्हणालीस ना?"

आईने पलंगावरून सगळं ऐकलं होतं. ती एकदाच मुंबईला पंधरा दिवस राहिली होती, सोळाव्या मजल्यावर, आणि रोज सकाळी दादाला विचारायची, आज कुठला वार? घरी जायला किती दिवस राहिले ते मोजत होती. ती मला म्हणाली, "अगो, मला तिकडे नको पाठवू. मी तिकडे जगेन, पण मला नको तसलं." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

रविवारी मी बुरोंडीला जाऊन जॉइंटरांच्या दारात उभी राहिले. वायरी जोडणारा दुसरा माणूस मला या जगात माहीत नव्हता. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "तुटलेल्याच्या दोन्ही बाजूला रंग दिसतो?"

"दिसतो."

"मग झाला. केबल ती केबल. उद्या येतो."

सोमवारी दापोलीला एसटी बदलून ते साडेनऊला आले, खांद्यावर ती जुनी खाकी पिशवी. अंगात राखी शर्ट. सोमवारी राखी? मला जरा चमत्कारिक वाटलं, पण म्हटलं, रिटायर माणसाला कसला वार. आधी सुकटीची पोतडी त्यांनी स्वतः उचलून शेडबाहेर नेली. "उंदरांना मेजवानी घातलीस गो, आणि वर तोंडी लावायला वायरी!" आई खिडकीतून हसली. शुक्रवारनंतर पहिल्यांदा.

मग काम सुरू. बॅटरीचं काळं टोक सोडवलं. गाडीची किल्ली मागून घेऊन आपल्या खिशात घातली. दापोलीहून गाडीची वायर विकत आणली होती. "टेलिफोनची एकेरी तार गाडीत चालत नाय. गाडी हालते, ती तुटणार. हिला आत बारीक तारांचा झुपका हवा." जुडग्यावरची टेप ब्लेडने उभी चिरली आणि तुटकी टोकं माशाच्या काट्यांसारखी वेगळी मांडली. एकोणीस वायरी. मधला कुरतडलेला भाग गेलेला, म्हणजे प्रत्येकीला मध्ये नवा तुकडा आणि दोन जोड. सगळे जोड एका जागी आले तर तिथे फुगवटा होतो, म्हणून एकीचा इथे तर दुसरीचा दोन बोटं पुढे.

"तू रंग सांग, मी जोडतो," ते म्हणाले. खड्ड्यात त्यांची पद्धत तशीच होती. जोडीदार पलीकडून रंग पुकारणार, हे इकडून तो परत म्हणून जोडणार. मी दोन्हीकडची टोकं त्यांच्या हातात देत पुकारत गेले. "निळ्यावर पांढरी रेघ." "निळ्यावर पांढरी." "काळ्यावर लाल." "काळ्यावर लाल." ती बोटं अशी चालत होती की मी पुकारायचं विसरून बघत बसायची. नळी ओवली, तारा पिळल्या, कथलाचा डाग दिला, नळी सरकवली, लायटरची ऊब दिली, नळी आकसून बसली. एका वाजेपर्यंत बारा झाल्या. मी मनातल्या मनात दादाला म्हटलं, ये आता.

मग आईला जेवायला वाढायला मी आत गेले. परत आले तर चौदा झालेल्या. "दोन मीच उरकल्या," ते म्हणाले, जरा ऐटीत.

मी वाकून बघितलं. एका बाजूने आलेली पिवळ्यावर काळ्या रेघेची वायर पलीकडे पांढऱ्यावर काळ्या रेघेच्या वायरीला जोडलेली होती. आणि पांढरी पिवळीला. जोड सुरेख. पण उलटे.

मला पहिलं आठवलं ते राखी शर्ट. मग आठवलं, सकाळपासून त्यांनी एकही रंग स्वतः उच्चारला नव्हता, मी म्हणेपर्यंत. बोलू की नको? बत्तीस वर्षांत ज्याचा एक जोड चुकला नाही त्याला मी, रजिस्टर लिहिणारी, काय सांगणार? पण आत आई झोपली होती, आणि तिच्या उशाशी तिने स्वतःच बांधून ठेवलेलं गाठोडं होतं. दोन लुगडी आणि पोथी. पाठवायचीच झाली तर तयारी असावी म्हणून.

"काका," मी म्हटलं, "ही पिवळी आहे. आणि ही पांढरी."

त्यांनी वायर हातात घेतली, उन्हाकडे धरली, डोळ्यांजवळ आणली, लांब नेली. मग खाली ठेवली.

"मला दोन्ही सारख्याच दिसतात," ते म्हणाले. "वर्ष झाला. निळा नि राखी पण. कुणाला बोललो नाय."

"मग आलात कशाला हो?" मी जवळजवळ ओरडलेच. भीतीने ओरडले.

"इतक्या वर्षांत कुणी बोलवायला आला नव्हता," ते म्हणाले. "तू इलीस. नाय कसा म्हणणार?"

मला रडू आलं. राग आणि रडू एकदमच आलं. आपल्याला इकडे आईची पडलेली, आणि हा माणूस वर्षभर एकटा घरात बसून कपाटातले शर्ट चाचपत होता, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यांनी कटर मागितला आणि आपले जोड स्वतःच्या हाताने तोडले. मग पक्कड माझ्या हातात दिली. "आता तू जोड. तुला रंग दिसतो, मला जॉइंट लागतो. बोटाला."

"मला येत नाही हो काका."

"गाडी चालवायला येत होती?"

मी पहिलाच जोड केला आणि नळी ओवायची विसरले. त्यांनी नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाले, "स्लीव्ह." तोडला. परत केला. दुसरा सैल. "तोड." तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं, परत फिरवलं, आणि म्हणाले, "हां." ऑफिसात मला प्रमोशन मिळालं तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. बोटं भाजली, पाठ मोडली, आई खिडकीतून दर अर्ध्या तासाने "झालं का गो?" विचारत होती. उरलेल्या सातही मीच जोडल्या. कापडी टेप गुंडाळली तेव्हा पाचची एसटी यायची झाली होती.

"लावून बघूया ना," मी म्हटलं.

"नाय. ताजा जॉइंट हलवू नये. सकाळी." किल्ली त्यांच्याच खिशात होती, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. जाताना त्यांनी दुसऱ्या खिशातून दोऱ्याचा तुकडा काढला. मला वाटलं, गाठ मारतील. तो त्यांनी माझ्यासमोर धरला.

"हा जॉइंट माझा नाय. तुझा हाय. तुझी गाठ मार."

मला जाळ्याची गाठ कुठली यायला. मी आपली साधी निरगाठ मारली.

मंगळवारी सकाळी दादा आला, त्यानंतर पाऊण तासाने जॉइंटर. तोच राखी शर्ट. दादाने बॉनेटमध्ये डोकावून माझ्याकडे बघितलं. "हे तू केलंस? अगं, पेटेल वगैरे." "पेटली तर माझी गाठ आहे तिच्यावर," मी म्हटलं. त्याला अर्थातच काही कळलं नाही. आई ओटीवर येऊन बसली होती, गाठोडं मांडीवर.

बॅटरी जोडली. किल्ली घातली. फिरवली. काही नाही. गाडी मेलेलीच.

दादा हळूच म्हणाला, "असू दे गं. तू केलंस तेवढं खूप केलंस." त्याच्या त्या मायेच्या आवाजाचा मला इतका संताप आला म्हणून सांगू! मी परत फिरवली. काही नाही. आईने गाठोड्याची गाठ उगाच घट्ट केली.

"थांब," जॉइंटर म्हणाले. ते बॉनेटवर वाकले, डोळे मिटले आणि जुडग्याच्या एका टोकापासून बोटं चालवत निघाले. एकेक जोड चाचपत. सगळ्या जोडांवरून गेले, कुठे थांबले नाहीत. मग पुढे, जिथे जुडगा इंजिनाला जाऊन भेटतो तिथे, काल काम करताना सोडवून परत लावलेलं प्लास्टिकचं टोपण त्यांच्या बोटाखाली आलं. त्यांनी ते अंगठ्याने दाबलं. खट्.

"खटका बसला नव्हता," ते म्हणाले. "जॉइंट सगळे बरे हायत. मार किल्ली."

गाडी एका दमात सुरू झाली.

आई उठली. गाठोडं तिथेच ओटीवर ठेवलं, माझ्याकडे आली आणि म्हणाली, "चल, उशीर होतोय." दादा मागचं दार उघडायला धावला. जॉइंटर पिशवी खांद्याला लावून एसटीच्या दिशेने निघाले होते.

"काका, बसा गाडीत," मी म्हटलं.

"नाय गो, एसटी हाय."

"बसा म्हणते ना. आई चार तास आत असते, मी कॉरिडॉरमध्ये भिंतीवरच्या पाट्या वाचत बसते. डोळ्यांचे डॉक्टर मंगळवारीच येतात."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "अहो जॉइंटर, मी आठवड्यातून दोनदा सुया टोचून घेते. तुम्ही एकदा डोळे दाखवायला भिता होय?" मग बसले. दादा पुढे, ते आईशेजारी, आणि वाटेतल्या खड्ड्यांत आईच्या पाठीला त्यांचा हात. दादा त्याच रात्रीच्या गाडीने मुंबईला परत गेला, एकटा.

मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांना, चांगला पिकलेला. दोन्ही ऑपरेशनं झाली, आणि पट्टी सुटल्यावर पहिल्या सोमवारी ते न सांगता आंजर्ल्याला आले. निळा शर्ट. झकास निळा. दारातूनच ओरडले, "काय गो बाय, मी सोमवारी राखी घालून आलो होतो, बोलली का नायस?"

"तुम्हीच म्हणायचात ना, सवय मोडू नये," मी म्हटलं. "मला वाटलं, मोडलीत."

चहाला नाही म्हणाले. सरळ शेडमध्ये गेले आणि बॉनेट उघडायला लावलं. मग टेप सोडून एकोणीसच्या एकोणीस वायरी बघितल्या, एकेक, रंग मोठ्याने म्हणत. त्यांचे जोड कुठले आणि माझे कुठले ते आता लांबूनही दिसत होतं. त्यांचे देखणे. माझे ओबडधोबड, एक तर वाकडा. मी आपली बोलणी खायच्या तयारीत उभी होते. आईही ओटीवरून मान उंच करून बघत होती.

त्यांनी टेप परत गुंडाळली. टोकाला माझी ती निरगाठ होती. खिशातून दोरा काढून त्यांनी तिच्याशेजारी आपली जाळ्याची गाठ मारली, ओढून घट्ट केली, आणि बॉनेट खाली घेतलं.

"चुकला तर आता दोघांचा," ते म्हणाले.